चौकट रिकामी झाली की

४ सप्टेंबर

खारू, अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची चौकशी करते, मग कामाचं. ताईचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठड्याला शिव्या घालते का? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करून सभा भरवल्यासारखं करतात? दादाच्या बाळाला दात आले असतील, पहिला चावा कुणाला बसला ते कळव. समोरच्या शिक्षिकाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? आणि तुझं पोट? डोक्याला ताप झाला की तुझं पोट आधी बिघडतं. आता तुला कसलाच ताप नाही असं ताई सांगते, म्हणजे पोट ठणठणीत असायला हवं. तसं आहे का, हे तू लिही. ताईचं नको.

इकडे काका बरे आहेत. कानाला यंत्र घेतलं, पण ते डबीत घालून खिशात ठेवतात. बॅटरी वाचते म्हणे. मीही बरी आहे. हल्ली हाताशी वेळ असतो, म्हणून दोन्ही कपाटं लावून काढली. तुझा जुना स्कार्फ सापडला, तो धुऊन ठेवलाय.

फोन तू उचलत नाहीस आणि मेल न उघडता तसाच पडून राहतो. म्हणून कागद. पत्र उघडल्याशिवाय ताई तुला जेवायला बसू देणार नाही, एवढा मला माझ्या बहिणीचा भरवसा आहे.

आता कामाचं. काल भूशास्त्र विभागाच्या हेडक्लार्कचा फोन आला. मे महिन्यात तू गेलीस त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संगणक केंद्रानं आपण केलेली थीम, म्हणजे वेबसाइटचं सगळं रूपडं, उतरवली, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून त्या विभागाच्या वेबसाइटवर नुसतं पांढरं पान आहे. वर नाव, खाली पत्ता आणि फोन नंबर. परिणाम असा झाला की जग पुन्हा फोन करायला लागलं. हेडक्लार्क म्हणाले, "बाई, मी आता घरी बायकोलाही 'भूशास्त्र विभाग' म्हणून ओ देतो." विभागप्रमुखबाईंनी भेटायला बोलावलंय.

मी म्हटलं, येतो आम्ही.

फोन ठेवल्यावर काकांनी विचारलं, "आम्ही कोण?"

"मी आणि खारू."

"खारू तिकडं चष्मे विकतेय."

"विकू दे. तात्पुरतं आहे ते."

त्यावर त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि डबीत ठेवलं. चर्चा संपली.

तेव्हा तयारीत राहा. मी भेटून आले की लिहीन.

तुझी,
मावशी


१५ सप्टेंबर

खारू, आशीर्वाद.

पहिल्या पत्राचं उत्तर नाही, तरी हे लिहिते आहे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई आहे. पलीकडून कुणी बोलत नसलं तरी लाइन चालू आहे की तुटलीय हे मला कळतं. चालू आहे.

भूशास्त्रात जाऊन आले. तोच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दगडांची काचेची कपाटं, आणि शेवटी ती खोली जिथे पंखा फिरतो पण वारा येत नाही. विभागप्रमुखबाई, हेडक्लार्क आणि संगणक केंद्राचे साहेब असे तिघं बसले होते. चहा आला. माझ्या कपाची कड फुटलेली होती, तो कप हेडक्लार्कनी हळूच स्वतःकडं घेतला. तेवढ्यावरून ओळखलं, इथं आपल्याला अगदीच कुणी वैरी नाही.

साहेब म्हणाले, "आम्ही आता सगळ्या विभागांना एकच थीम देतोय. रंग एक, अक्षर एक, मांडणी एक. मुळात हे विभागवार बेतून द्यायचे लाड कशाला?"

विभागप्रमुखबाई म्हणाल्या, "नाट्यविभाग आणि माझा विभाग एकसारखे दिसायला लागले तर माझ्या दगडांकडं बघायचं कुणी?"

"मग मागच्यासारखं होणार नाही याची हमी द्या."

मागच्यासारखं. हा शब्द निघाला तसं तिघांनीही तोंड वेडंवाकडं केलं. म्हणून मीच सरळ सांगितलं, काय झालं होतं ते. त्यांना माहीत होतंच, पण तुकड्यातुकड्यांनी. तुलाही लिहिते, कारण तू ते स्वतःला रोज कसं सांगत असशील कुणास ठाऊक. बहुधा आहे त्यापेक्षा मोठं करून.

मी म्हटलं, आम्ही थीम करतो म्हणजे घर बांधतो. माहिती तुमची, दारंखिडक्या आमच्या. त्याआधी मी प्रत्येक विभागाच्या कचेरीत दिवसभर बसते आणि लोक काय विचारायला येतात, कशासाठी फोन करतात ते ऐकते. जे सगळ्यांत जास्त विचारतात ते पहिल्या पानावर. ही माझी पद्धत. तुमच्याकडं सगळ्यांत जास्त काय विचारत होते? 'तोंडी परीक्षा पुढे गेली का हो?' म्हणून सूचनांची चौकट आम्ही सगळ्यांत वर घेतली. थीम दाखवताना चौकटीत काहीतरी भरावं लागतं. निरर्थक अक्षरं भरली की प्राध्यापक मंडळी म्हणतात हे काय गिचमिड. म्हणून माझी भाची खऱ्यासारख्या नमुन्याच्या सूचना लिहिते. तुमच्यासाठी तिनं दोन लिहिल्या. पहिली: 'आजची तोंडी परीक्षा पुढे ढकलली आहे. नवी तारीख लवकरच कळवू.' दुसरी: 'विभागप्रमुख आज खुशीत आहेत. सह्या उरकून घ्याव्यात.'

इथं बाईंनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला पुसत होत्या, पण पुसत होत्या.

पुढं म्हटलं, चौकट कधी ओकीबोकी दिसू नये म्हणून तिनं थीममध्ये एक ओळ घातली. चौकट रिकामी असेल तर नमुन्यातली पहिली सूचना दाखव, आणि खाली त्या दिवसाची तारीख टाक. दाखवायच्या दिवसापुरती. ती ओळ काढायची राहिली. पुढं तुमच्या चौकटीत कायम काही ना काही होतं, म्हणून ती झोपून राहिली. एप्रिलमध्ये हेडक्लार्कनी जुन्या सूचना साफ केल्या, चौकट रिकामी झाली, ओळ जागी झाली. नेमकी तोंडी परीक्षेच्या सकाळी.

हेडक्लार्क कपात बघत म्हणाले, "मी आपला झाडलोट करायला गेलो."

मुलं सूचना वाचून वाटेतूनच घरी परतली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक खुर्चीत बसून बसून निघून गेले. परीक्षा पुन्हा झाली ती दीड महिन्यानं. बाकीच्यांचं निभावलं. एका मुलीची पुढच्या संशोधनाची जागा मात्र गेली, कारण निकाल वेळेत पोचला नाही. दुसरी सूचना पहिली असती तर आज सगळे हसत असते. पण ती दुसरी होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काम तुम्हीच करा. रंग आणि मांडणी तीच ठेवा, मला आवडते. पण तुमची भाची नको. आणि पानाच्या तळाशी 'रचना: मावशी-भाची' असं आहे, त्यातली भाची काढा."

"मग मावशी कुणाची राहू मी?"

"बाई, हट्ट करू नका."

"तुमच्या पानावरचा एकूण एक रंग तिनं तुमच्या दगडांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, डोळा लाल होईपर्यंत बघून उचललाय. तिनं शोधलेला हिरवा चालतो आणि ती चालत नाही, हे मला जमायचं नाही."

"नोव्हेंबर संपायच्या आत मला उत्तर हवंय. नाहीतर यांची सरसकट थीम घेते." त्यांनी साहेबांकडं बोट केलं. साहेबांनी बिस्कीट घेतलं.

तर हे असं आहे. मी उत्तर दिलेलं नाही, पण माझं ठरलंय. नाव निघणार नाही. तुझी बाजू काय, ते लिही.

तुझी,
मावशी


५ ऑक्टोबर

खारू,

तुझ्याऐवजी ताईचा फोन आला. खोकल्यावर आणि बाळाच्या दातांवर दोन वाक्यं बोलून ती मुद्द्यावर आली. "तिला सोड आता. दुकानात रुळलीय. गिऱ्हाईक येतं, काच पुसून देते, पैसे घेते, संध्याकाळी शटर ओढते. घरी आली की निवांत असते."

मी म्हटलं, "निवांत की गप्प?"

"तुला ना, तुझी थीम हवी आहे. माझी पोरगी नकोय."

लागलं मला. थोडा वेळ मी वायर बोटाला गुंडाळत बसले. मग म्हटलं, "मला दोन्ही हवंय, ताई. आणि दोन्ही एकाच वाटेवर आहेत."

तिनं फोन ठेवला नाही, आपटला. तिला माझ्यावतीनं गरम पाण्याची पिशवी दे.

चष्म्याच्या दुकानात काही वाईट नाही. तुला ते काम आवडलं असतं तर मी पहिली गिऱ्हाईक म्हणून येऊन उभी राहिले असते. पण ताई म्हणते, दुकानाच्या मालकानं तुला दुकानाचं पान करून देतेस का विचारलं, तर तू दोन दिवस कामावर गेली नाहीस. हे आवडीचं लक्षण नव्हे, खारू, भीतीचं आहे. जिना आवडत नाही म्हणून कुणी वरच्या मजल्याचं नावही ऐकेनासं होत नाही.

आता जे लिहिते ते बसून वाच.

ती मुलगी भेटली. जिची जागा गेली ती. मला वाटलं होतं शोधावी लागेल. हेडक्लार्क म्हणाले, "शोधताय काय, आमच्याच कचेरीत आहे." तात्पुरतं काम दिलंय तिला. खिडकीशी टेबल टाकून दगडांच्या नव्या चिठ्ठ्या लिहीत बसते. तू इथं राहत होतीस तेव्हा मी तिला पाहिलं नव्हतं, आता ओळख झाली. उंच, केस घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. तिनं मान वर न करता विचारलं, "त्यांच्या मावशी ना? हेडक्लार्ककाका म्हणाले येतील."

"बोलायचं होतं."

"कँटीनला चला. इथं दगडसुद्धा ऐकतात."

कँटीनमध्ये तिनं मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मी मनात माफीची तयारी करून गेले होते. तिनं त्या तयारीला हातही लावू दिला नाही.

"खरं सांगू? त्या दिवशी ती सूचना वाचून मला बरं वाटलं होतं. माझं शेवटचं प्रकरण कच्चं होतं. बसथांब्यावरून घरी गेले आणि मस्त ताणून दिली. उठून केस धुतले. संध्याकाळी कळलं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"चूक झाली याचा राग यायचा तेवढा येऊन गेला. पण नंतर काय झालं माहीत आहे? मॅडम माझ्याशी नीट बोलेनात. हेडक्लार्ककाका मला बघून फाइल शोधायला लागायचे. वर्गातली मुलं कुजबुजायची. तुमची भाची तर गावच सोडून गेली. चूक त्यांची, आणि तोंड मात्र सगळ्यांनी माझ्यापासून लपवायचं. मी कुठं जाऊ? मी आहे तिथंच, चिठ्ठ्या डकवत."

खारू, मी तुझी बाजू घेतली नाही. घेण्यासारखी जागाच नव्हती. मी एवढंच विचारलं, "तिनं काय करायला हवं होतं?"

"फोन. मी ओरडले असते, त्यांनी ऐकलं असतं. त्यांनाही हलकं वाटलं असतं आणि मलाही."

"आणि आता?"

तिनं चहा संपवला. मग म्हणाली, "आता ती ओळ ज्यांनी घातली त्यांनीच काढावी. तुम्ही गुपचूप काढून 'झालं बरं का' म्हणून येऊ नका. मला कळेल."

"कसं कळेल?"

"तुमच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं."

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, पोरगी हुशार आहे, मला कळायला लग्नानंतर बरीच वर्षं लागली.

तिचं नाव-पत्ता वेगळ्या कागदावर लिहून आत घातलाय. मी तुला 'लिही' म्हणत नाही. कागद मात्र फाडू नकोस.

मावशी


२३ ऑक्टोबर

खारू,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, पण अक्षर तुझं होतं. काकांनी दारातच फोडलं आणि मला देण्याआधी दोनदा वाचलं, त्यांना एकदा रागावून घे.

तू लिहितेस: 'मावशी, ती ओळ तू काढून टाक. पाच मिनिटांचं काम आहे. माझं नावही काढ. मला यात ओढू नकोस. तुझं काम माझ्यामुळे अडायला नको.'

एकेकाचं उत्तर देते.

पाच मिनिटांचं काम आहे हे खरं. मी काढू शकते, केंद्राचे साहेबही काढतील, कुणीही काढेल. पण मी काढली तर काय होईल? ती तू मोडलेली आणि दुसऱ्यानं सांधलेली वस्तू होईल, आणि तू जन्मभर तिच्या बाजूनं वळसा घालून चालशील. दुकानाच्या पानापासून सुरुवात झालीच आहे. म्हणून मी हात लावणार नाही. चाचणीच्या प्रतीत ती जशीच्या तशी आहे. चाचणीची प्रत आम्हा चारपाचजणांखेरीज कुणाला दिसत नाही, तेव्हा घाबरू नकोस, कुणाची परीक्षा बुडायची नाही.

नावाचं सप्टेंबरच्या पत्रात लिहिलंय. पुन्हा विचारू नकोस.

आणि माझं काम. ते अडलेलं आहे, पण तुझ्यामुळे नव्हे. कपाटं लावल्याचं लिहिलं होतं ना? ग्रंथालय आणि वनस्पतिशास्त्र उन्हाळ्यातच सरसकट थीमवर गेले. संगीत विभाग गेल्या महिन्यात गेला. भूशास्त्र हा शेवटचा. हे तुला लिहिणार नव्हते, पण तू 'अडायला नको' म्हणालीस म्हणून सांगते. मला त्याची भीती वाटत नाही. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हाही सगळे म्हणाले होते, आता बाई घरी बसणार. मी बसले, पण संगणकासमोर. पहिलं पान केलं तेव्हा मेनू डावीकडं ठेवला तर उजवीकडं पळायचा. काका म्हणायचे, तुझ्यावरच गेलाय. तिथून इथवर आले ती काही आता सरसकटपणाला घाबरायला नव्हे. या विभागाचं पान आपण त्याच्या मापाचंच करून देणार.

परवा पुन्हा बैठक झाली. बाईंनी विचारलं, "काय ठरलं?"

मी म्हटलं, "थीम नोव्हेंबरात तयार होईल. तळाशी दोन्ही नावं राहतील. आणि ती ओळ भाची स्वतः काढेल."

साहेब हसले. "म्हणजे चोराच्याच हातात किल्ली."

ती मुलगी सह्या घ्यायला आत आली होती. कागद पुढं करता करता म्हणाली, "मॅडम, मी बोलू का? जागा माझी गेली ना?"

बाई दचकल्या. इतक्या महिन्यांत तो विषय त्या दोघींत निघालाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

"बोल."

"यांच्या भाचीला करू द्या. थीम चालू करायच्या आधी तुमच्या सगळ्यांसमोर चौकट मी रिकामी करीन. काय दिसतं ते बघू. बरोबर दिसलं तर घ्या. नाही दिसलं तर सरांची थीम आहेच."

"आणि तुला चालेल?" बाईंनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"मला कुणी विचारलंय का आत्तापर्यंत? विचारलंत, तर चालेल."

बाईंनी तिला बस म्हटलं. पेन बाजूला ठेवलं. मग साहेबांना आणि मला बाहेर जायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. बाहेर बोळात हेडक्लार्क एका कपाटाची काच पुसत उभे होते. खूप वेळ एकच काच पुसत होते.

तारीख पडली आहे. वीस नोव्हेंबर, बुधवार, सकाळी अकरा. ओढू नकोस म्हणालीस. मी ओढत नाही. दार उघडं धरून उभी आहे. हात दुखला तरी धरणार आहे.

मावशी


१० नोव्हेंबर

खारू,

ताईच्या गुडघ्याला आराम पडला हे भाऊजींकडून कळलं. ते फोनवर न खोकता पूर्ण वाक्य बोलले, म्हणजे तेही सुधारले.

काल कँटीनमध्ये ती मुलगी भेटली. न विचारता म्हणाली, "पत्र आलं." मी चहा ढवळत राहिले, साखर घातलेली नसताना. ती म्हणाली, "उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. सगळ्याला मी हो म्हणणार नाही. दोन ठिकाणी त्या स्वतःची फारच कीव करतात. पण परीक्षकांच्या येण्याजाण्यापासून माझ्या जागेपर्यंत सगळं सरळ लिहिलंय, कुठं 'पण' घातलेला नाही. मी फोन केला काल. ओरडलेही."

"मग?"

"ऐकलं त्यांनी."

एवढंच. पुढं तिनं नव्या जागेसाठी अर्ज केल्याचं सांगितलं आणि बाईंनी शिफारस स्वतःहून दिल्याचंही. मग टेबलाकडं गेली. मी कपभर बिनसाखरेचा चहा प्यायले आणि मला तो गोड लागला. काकांना हे सांगितलेलं नाही, ते वर्षभर चिडवतील.

तू हे मला कळवलं नाहीस. बरं केलंस. ते तुमचं दोघींचं होतं.

आता उरलंय ते आपलं. बाकी थीम पूर्ण झाली. तुझा दगडातला हिरवा फोनवर फार काळा दिसत होता, तो जरासा उजळवलाय. पटला नाही तर बदल. फोन नंबर पहिल्या पानावर ठेवलाय, पण खाली, म्हणजे हेडक्लार्कना घरी बायकोला नावानं हाक मारता येईल. तळाशी दोन्ही नावं आहेत. केंद्राच्या साहेबांनी एकदा तिथं बोट ठेवलं, मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी बोट उचललं.

चौकटीची ती ओळ मात्र आहे तिथं आहे. तुझा पासवर्ड मी बंद केलेला नाही, केंद्रानं दोनदा विचारूनही. तो अजून तोच आहे, तुझ्या लहानपणच्या मांजरीच्या नावाचा.

वीस तारखेला अकरा वाजता ती मुलगी सगळ्यांसमोर चौकट रिकामी करील. त्या क्षणी तिथं काय दिसावं हे मी सांगणार नाही. मोकळी जागा ठेव, 'आज काही सूचना नाही' असं लिही, तुला शोभेल ते कर. काहीच केलं नाहीस तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा तेच येईल, आजची तोंडी परीक्षा पुढे ढकलली आहे, खाली वीस नोव्हेंबर. मी पहिल्या रांगेत बसून ते मोठ्यानं वाचीन, हा शेवटचा विभागही देऊन टाकीन आणि घरी येईन. तेवढी तयारी करूनच हे लिहिते आहे. धमकी नाही. तुला माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी करायचं असेल तरच कर, म्हणून किंमत आधी सांगून ठेवली.

येणार असलीस तर स्टेशनवर काका येतील, यंत्र कानात घालून. नाही येता आलं तर तिथल्या तिथं बसून कर, ती ओळ कुठूनही उघडते.

फक्त लवकर लिही. मला लिहिलं नाहीस आणि नुसतं त्या चौकटीत लिहिलंस, तरी मला पोचेल.

तुझी,
मावशी